मळीच्या वॉशमधून इथेनॉल: तिसरी फेरी, 20 लिटर

वॉश (यीस्टने आंबवलेलं मळीचं द्रावण) 8 टक्के अल्कोहोलचा, म्हणजे शुद्ध इथेनॉल फार तर 1.6 लिटर. (महाराष्ट्रात इंधनासाठीसुद्धा उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतोच.)

वॉश दोन दिवस निवळू देऊन वरचा भाग नळीने काढला. यीस्टचा गाळ भांड्यात गेला की तापवायच्या कॉइलवर करपतो. मळीतल्या कॅल्शियमचा थर तसाही बसतोच, दर वेळी खरवडायचा. भांडं 30 लिटरचं, कारण मळी फेसाळते.

1500 वॅटवर उकळी यायला सव्वा तास. लगेच 1000 वर आणायचं. दोन इंची कॉलममध्ये (भांड्यावरची उभी नळी) तांब्याची जाळी घट्ट कोंबली असेल तर जास्त वाफेत परतणारा द्रव वरच अडकतो, कॉलम गुळगुळ आवाज करतो आणि कंडेन्सरमधून कच्चा माल उडतो. जाळीचं हे पॅकिंग मीटरभर.

पहिला अर्धा तास सगळा रिफ्लक्स (वर थंड होऊन परतणारा द्रव) खाली. माथ्याचं तापमान 76.5 अंशांवर थांबलं. पुस्तकात 78.2 असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण 560 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उकळीही कमी तापमानाला. मग चार भाग परत, एक भाग बाहेर. काटा 77 च्या वर सरकला की रिफ्लक्स वाढवायचा, 78 नंतरचं शेपूट (शेवटी येणारा पातळ माल) वेगळ्या बाटलीत, पुढच्या वॉशमध्ये घालायला.

हाती आलं: 95 टक्क्यांचं 1.3 लिटर, शेपूट अर्धा लिटर. 30 अंशांवर हायड्रोमीटर (अल्कोहोलची टक्केवारी मोजणारा तरंगता मापक) 97 दाखवत होता. तो 20 अंशांसाठी आखलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती न करता आकडा सांगू नये. नुसत्या ऊर्ध्वपातनाने 97.2 च्या पुढे जाताच येत नाही.

उरलेलं पाणी सुमारे 80 ग्रॅम. त्यासाठी 3ए झिओलाइट (पाणी शोषणारे बारीक छिद्रांचे दाणे) 1 किलो. कागदावर ते वजनाच्या 20 टक्के पाणी शोषतं, हिशेबात 10 धरावं. 4ए नको, त्याच्या छिद्रांत इथेनॉलही शिरतं. दाणे चार हप्त्यांत घालावेत आणि झाकण सैल ठेवावं: पाणी शोषताना ते चांगलेच तापतात, बंद बाटलीत दाब चढतो. रात्रभर ठेवून गाळून घेतलं. पेट्रोलमध्ये थोडं मिसळून फ्रीजबाहेर बर्फात थंड केलं, ढगाळलं नाही, म्हणजे पाणी निघालं.

वापरलेले दाणे आधी उघड्यावर पूर्ण वाळवायचे, मगच 230 अंशांवर भाजायचे. ओले थेट ओव्हनमध्ये टाकले तर इथेनॉलची वाफ पेट घेते.