आरेतला पडलेला साग कुणाचा?

गोरेगाव पूर्वेला उतरून रिक्षानं आरेत शिरलं की आधी तबेल्यांचा वास येतो, मग हवा जरा गार होते. १९४९ मध्ये दूध वसाहतीसाठी सरकारनं ही जमीन घेतली. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं त्याआधीपासून इथं नांदत होती. आज आरेत २७ पाडे आहेत आणि त्यांच्या पायाखालची बहुतेक जमीन कागदावर दुग्धविकास विभागाची आहे. मी ज्या पाड्यावर गेले त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही.

वाघबारस, म्हणजे वाघोबाच्या पूजेचा दिवस, तोंडावर आली होती. वाघोबाच्या ठाण्याभोवती पोरं झाडलोट करत होती. त्याच्या पलीकडे, पायवाटेला आडवा, पावसाळ्यात उन्मळलेला एक जुना साग पडला होता. भांडण त्याच्यावरूनच पेटलेलं. थोरल्या भावाची मुलं पाडा सोडून बिल्डिंगीत राहायला गेलीत. त्यांचं म्हणणं, साग आमच्या आज्यानं लावला, लाकडात आमचा वाटा आहे. धाकट्याची मुलं म्हणतात, वणव्यापासून आणि चोरट्या तोडीपासून एवढी वर्षं तो राखला आम्ही, तुम्ही कुठं होतात? दोन्ही घरांनी आपापली वंशावळ वहीच्या कागदावर लिहून आणली होती. खापरपणज्यापर्यंतची नावं जुळत होती. त्याच्याखाली मात्र दोघांनी वेगवेगळ्या माणसाला थोरलं केलं होतं.

ओट्यावर बसलेल्या आजींना मी दोन्ही कागद वाचून दाखवले. या दोघा भावांची ती बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली, ती इथलीच झाली. शांतपणे ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "बाय, यात माझं नाव कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. दोन्ही कागदांवर बापाखाली फक्त दोन मुलगे होते. मग आजी सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कोण कुणाला दिली, कुठल्या आत्याचं लग्न कुठल्या पाड्यावर झालं, आईच्या मागं कोणत्या मावशीनं पोरं वाढवली. मधेच ती झाडांवर येई. हा फणस धाकटी सून आली त्या साली लावला, तो आंबा थोरल्याचं पहिलं पोर गेलं त्या पावसाळ्यातला. थोरला कोण या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळालं. पुतणे गप्प ऐकत होते. एकानं हळूच कागद मागे घेतला.

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे लेकीचा हिस्सा रूढीवर सोडलेला असतो आणि रूढी काय हे बहुतेक वेळा पुरुषच सांगतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात लेकीच्या वारसांना समान वाटा दिला. स्त्रियांना वगळणारी रूढी होती हे समोरच्यांना सिद्धच करता आलं नव्हतं. हे मी पाड्यावर सांगितलं तेव्हा सुनांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

आता साग. लाकडाचा हक्क ना थोरल्या घराला सहज मिळेल ना धाकट्याला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर मालकी दिली, त्यात बांबू, मध, मेण, तेंदूपत्ता आहे. इमारती लाकूड नाही. ठाणे-पालघरकडे ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या आदिवासी खातेदारालाही शेतातला साग विकताना आदिवासींच्या झाडविक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६९ च्या कायद्यानं जावं लागतं. व्यापाऱ्यांनी कवडीमोलानं झाडं नेऊ नयेत हा त्यामागचा विचार, आणि तो मला योग्य वाटतो. आरेत तर सातबाराच सरकारचा. ज्यांनी झाड लावलं आणि राखलं त्यांना पडलेल्या लाकडाची फळीसुद्धा हक्कानं मागता येऊ नये, हे मला पटत नाही.

परतीला मेट्रो ३ धरली. याच मार्गाच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री प्रजापूर पाड्याजवळ करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. एप्रिल २०२३ मध्ये आणखी १७७ झाडांना परवानगी मिळाली आणि मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड झाला. आरे ते कफ परेड या मार्गावर स्थानकं २७ आहेत. आरेतल्या पाड्यांचा आकडाही तोच. डब्यात बसल्यावर हे ध्यानात आलं आणि हुतात्मा चौक येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. त्या झाडांतली कुठली कुणाच्या आज्यानं लावली होती, हे कुणी विचारलं असेल का?

हुतात्मा चौकातून काळा घोडा चालत पाच-सात मिनिटं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मला १८८७ चा मुंबई वन आयोगाचा अहवाल पाहायचा होता. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या लोकांच्या जंगलाबद्दलच्या तक्रारी ऐकायला हा आयोग १८८५ मध्ये नेमला होता. तक्रारींत ठळक होता तो राब. ऐनाच्या फांद्या तोडून, वाळवून, भाताच्या रोपवाटिकेच्या जागी जाळायच्या, मग पेरणी. वनखातं म्हणे झाडं नागवली जातात, शेतकरी म्हणे राबाशिवाय भात कसा उगवेल. त्या पिवळ्या पानांवर बोट ठेवताना ओट्यावरचं भांडणच परत ऐकू येत होतं: कुणी तोडायचं, कुणी राखायचं, आणि हे ठरवायचं कुणी.

जुने कागद शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला. त्याआधी गोरेगावसह सगळं साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून तेव्हाच्या नोंदी ठाण्याच्या नावाखाली शोधाव्या लागतात. वनहक्क नियमांतला नियम १३ जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून मान्य करतो. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही तो मान्य करतो. घर, विहीर, दफनभूमी, देवाचं ठाणं यांचाही त्यात उल्लेख आहे. आजीसारखी माणसं हयात आहेत तोवर हे जबाब लिहून घ्यायलाच हवेत. पाच वर्षांनी कोण सांगणार फणस कुठल्या सालचा?

धाकट्या घरातल्या एका नातवानं वंशावळ नव्यानं लिहायला घेतली आहे, या वेळी लेकी, सुना आणि आत्यांसकट. कच्चा कागद तो आधी थोरल्या घरी वाचायला पाठवणार आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं ठाण्याला जाऊन साष्टी तालुक्याचे जुने फेरफार मागणार आहोत.