बारिश्निकोव्ह: उडीआधीचा प्लिए

शनिवार, रात्री

आज पुन्हा बॅले नर्तक मिखाईल बारिश्निकोव्ह. 1985च्या ‘व्हाइट नाइट्स’ या चित्रपटातला तो प्रसंग: 11 रूबलची पैज आणि एका दमात 11 पिरुएट, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या. सगळ्यांच्या लक्षात आकडा राहतो. मी मात्र पहिल्या गिरकीच्या आधीचा क्षण पुन्हा पुन्हा बघते, कारण सगळं तिथेच ठरतं.

एकदा माणूस एका चवड्यावर चढला की नवा जोर लावायला जागाच उरत नाही. जो काही जोर घ्यायचा तो प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवण्यात, दोन्ही पाय जमिनीवर असतानाच. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, आणि दोन्ही पावलं जमिनीला उलट दिशांनी रेटतात. पुढे घर्षणाने वेग घटतच जातो. हात अंगाशी आणले की तो वाढतो, उघडले की कमी होतो. जास्त गिरक्या काढायच्या म्हणून शिकणारा खांद्याने हिसका देतो. खांदा पुढे निघतो, कंबर मागे राहते, कण्याला पीळ बसतो आणि तिसऱ्या गिरकीपर्यंत तोल मागे गेलेला असतो. मग टाच खाली येते, नाहीतर सावरायला उड्या माराव्या लागतात. बारिश्निकोव्हचे खांदे आणि कंबर एकत्र निघतात. जोर मोजून घेतलेला असतो, म्हणून शेवटची गिरकी सावकाश विरते आणि तो हवा तिथे थांबतो. मला थक्क करतं ते हे थांबणं.

(कथकची चक्कर टाचेवर, ही चवड्यावर. नजरेचं काम मात्र सारखंच: समोरचा एक बिंदू धरायचा, अंग फिरलं तरी चेहरा शक्य तेवढा तिथेच ठेवायचा आणि मग मान झटकन फिरवून पुन्हा तोच बिंदू गाठायचा.)

जन्म रीगाचा, 1948चा. 1964पासून लेनिनग्राडच्या वागानोवा शाळेत अलेक्सांद्र पुश्किन यांच्याकडे शिक्षण. प्रसिद्ध नर्तक नुरेयेव्हचेही गुरू तेच. उंची जेमतेम 168 सेंटिमीटर. लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅले कंपनीत अशा अंगकाठीच्या नर्तकाकडे राजपुत्रांच्या भूमिका सहज येत नसत. 1974मध्ये टोरोंटोच्या दौऱ्यात त्याने सोव्हिएत संघ सोडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये नर्तकी नतालिया माकारोव्हाबरोबर ‘जिझेल’ या बॅलेतला नायक आल्ब्रेख्त केला.

तो हवेत थांबतो असं म्हणतात. हवेत कुणीच थांबत नाही. पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो, 0.6 सेकंदाची उडी म्हणजे साधारण 44 सेंटिमीटर. पण त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या पाव भागातच जातो. ग्रां जेतेमध्ये, म्हणजे पाय पुढे-मागे फाकवून घेतलेल्या मोठ्या उडीत, पाय आणि हात नेमके त्याच वेळी वर गेले, तर शरीराचा गुरुत्वमध्य धडाच्या तुलनेत वर सरकतो आणि डोकं क्षणभर आडव्या रेषेत जाताना दिसतं. पाय लवकर उघडले तर शिखरावर पोचेपर्यंत आकार मोडू लागतो; उशिरा उघडले तर तो खाली येतानाच पूर्ण होतो. बारिश्निकोव्हचा आकार बरोबर शिखरावर पूर्ण होतो, आणि चेहऱ्यावर कष्टाची रेघही नसते.

त्याच्या उतरण्याबद्दल कमी बोललं जातं. दुहेरी तूर ही हवेतल्या गिरकीची उडी घ्या: पाचव्या पोझिशनमधून (पावलं बाहेर वळवून एकापुढे एक चिकटवलेली) सरळ वर, हवेत दोन पूर्ण फेरे, पुन्हा पाचवी. उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. टाच अधांतरी राहिली तर पोटरी आखडत जाते, नडगी दुखायला लागते आणि पुढच्या उडीला पुरता रेटा मिळत नाही. बारिश्निकोव्हची टाच टेकते, गुडघे खोल जातात, आणि तो थांबला असं वाटायच्या आत त्याच प्लिएमधून पुढची उडी निघालेली असते.