आमची वाटचाल : गुरुजींच्या चिठ्ठ्या आणि ती नोटीस

2006 ला नागपूरच्या महाल भागात एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही दोघांनी दुकान मांडलं. असेम्बल केलेला एक पीसी, टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि व्हिज्युअल बेसिक सिक्स, एवढंच भांडवल. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायचो, आरडी, पिग्मी, कर्जखाती, मार्चएण्डचा ताळेबंद. ते काम आजही चालू आहे आणि घर त्याच्यावरच चालतं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते मतदार यादीचं.

2012 च्या जानेवारीत खालचे छापखानेवाले भाऊ पीडीएफची सीडी घेऊन वर आले. 16 फेब्रुवारीला महापालिकेचं मतदान होतं, त्यांच्याकडे एका उमेदवाराच्या मतदार चिठ्ठ्यांचं काम आलेलं. म्हणे यात नाव टाकलं की भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र निघाय पाहिजे, जमते का पहा. आम्ही म्हटलं जमते. मग कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर नुसता कचरा, कारण यादीचा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, नव्हता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, रफाराचं त्याच्या बरोब्बर उलटं. 'निर्मला' या एका नावात दोन्ही भानगडी. माझा पार्टनर तीन रात्री फक्त वेलांटी आणि रफार बसवत होता. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर त्याचाच, मी चिठ्ठीची छपाई आणि नाव शोधायचा भाग लिहिला. 2013 ला घरच्या अडचणीमुळे तो पुण्याला नोकरीवर गेला, पण आजही आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या फंक्शनला त्याचंच नाव आहे, बदललं नाही आणि बदलणार नाही.

याच वेळी गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, कितीतरी निवडणुकांमध्ये केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केलेले, आणि आता आपल्या प्रभागातल्या एका कार्यकर्त्यासाठी यादी तपासायचे. तपासायचे म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. यादीचं पान टेबलावर, त्याच्यावर लाकडी फूटपट्टी आडवी, एकेका ओळीवर पट्टी खाली सरकवायची आणि ओठांतल्या ओठांत नाव वाचायचं. मयत असेल तर लाल गोल, दुबार असेल तर लाल फुली, घर सोडून गेलेला असेल तर बाण. आमच्या सॉफ्टवेअरनं दुबार म्हणून काढलेली नावं ते पट्टीखाली घ्यायचे आणि सांगायचे, हे बापलेक आहेत, हे दुबार नाही. किंवा, हे मेश्राम आणि ते मेश्रम एकच बाई आहे, मी तिला शिकवलं. असं करत करत आमचा शोध सुधारत गेला. मी पैसे घेऊ का नको विचारत होतो तर म्हणाले, "घे ना बाबू, फुकटचं काम लोक वाचत नाई." पाचशे रुपये दिले, पावती घेतली, आणि पहिल्या दिवशी छापलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा रबर बँड लावून घरी नेला. काहून नेला ते मला पाच वर्षांनी कळलं.

2014 च्या लोकसभा आणि विधानसभेत काम वाढलं, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची पोरं धरून सहा जण झालो, मोबाईल ॲपही केलं.

आता नोटिशीचं सांगतो. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एका मोठ्या कंपनीचे दोन माणसं 2013 ला आमच्याकडे डेमो बघायला आले होते, आम्हाला विदर्भासाठी पार्टनर पाहिजे म्हणून. दोन तास बसले, तर्री पोहे खाल्ले, वहीत लिहून घेतलं, स्क्रीनचे फोटोही काढले. मी भोळेपणानं सगळं दाखवलं. परत फोन नाही. आणि 2017 च्या जानेवारीत, महापालिकेचं मतदान 21 फेब्रुवारीला, सीझन ऐन भरात, रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट आलं. मतदाराचं नाव शोधून त्याची केंद्रनिहाय चिठ्ठी छापायच्या पद्धतीवर आमचं पेटंट आहे, पंधरा दिवसांत विक्री बंद करा आणि बारा लाख भरा. बरं नोटीस फक्त मला असती तर मी पाहून घेतलं असतं, तिची झेरॉक्स माझ्या ग्राहकांकडे पोचली होती. कोणी पोचवली ते मी सांगायची गरज नाही. एकतीस जणांनी बुकिंग केलं होतं, आठवड्यात नऊ उरले. ॲडव्हान्स परत द्यावा लागला. बायकोनं न मागता बांगड्या काढून दिल्या, त्या बँकेत ठेवून पोरांचे पगार केले, तरी दोन जण सोडून गेले आणि दोघांना मीच जा म्हणालो. त्या महिन्यात मला झोप नव्हती, कारण पेटंट या शब्दालाच मी घाबरलो होतो. वाटायचं सरकारनं शिक्का मारला म्हणजे संपलं.

मग गुरुजी म्हणाले, "अर्जाचा नंबर दिलाय का त्यांनी? तर जाऊन पहा ना, घाबरून काय राहिला." आणि आपल्या नागपुरात, सिव्हिल लाईन्समध्ये, पेटंटचंच केंद्रीय ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे आणि पेटंट माहितीचं ऑफिसही आहे हे मला चाळीशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. तिथं जाऊन अर्ज कसा शोधायचा ते विचारलं. शोधला तर काय, पेटंट मिळालेलंच नव्हतं! 2014 चा नुसता अर्ज, अठरा महिने झाल्यावर नियमानं प्रसिद्ध झालेला, तपासणीही व्हायची होती. अर्जाला पेटंट म्हणून आम्हाला धमकावलं होतं.

वकील साहेबांनी अर्ध्या तासात समजावलं. आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(के) आहे, त्यात गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम याला शोध मानतच नाहीत. 2004 च्या डिसेंबरात वटहुकूम काढून हे दार थोडं उघडायचा प्रयत्न झाला होता, पण 2005 च्या कायद्यात संसदेनं ते काढून टाकलं. प्रोग्रॅमला संरक्षण आहे, ते कॉपीराइटचं, म्हणजे माझा लिहिलेला कोड तू उचलू नको, पण तेच काम तू तुझ्या डोक्यानं वेगळं लिही, ते चालतं. हेच मला बरोबर वाटतं. वेलांटी सरकवायची अक्कल कोणाच्या बापाची नाही. अर्ज प्रसिद्ध झाला तरी पेटंट मिळेपर्यंत दावा लावता येत नाही, आणि बिनबुडाच्या धमकीविरुद्ध आपणच कोर्टात जाऊ शकतो, कलम 106. ते मी केलं नाही, कारण पैसे नव्हते, आणि त्याची खंत आजही आहे. पण अर्जाला विरोध कोणीही करू शकतो, तो केला. पुरावा काय? गुरुजींचा रबर बँडवाला गठ्ठा. 2012 च्या चिठ्ठ्या, मागं त्यांच्या सहीनं तारीख, आणि पाचशेची पावती. अर्जाच्या दोन वर्षं आधी हे नागपुरात उघड चालू होतं. ॲफिडेव्हिटवर सही करताना गुरुजींनी चष्मा पुसून सगळं पान वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला लावला आणि मग सही केली.

मधे परत घाबरलो. 2016 च्या पेटंट ऑफिसच्या गाईडलाईनमध्ये सॉफ्टवेअरसोबत नवीन हार्डवेअर असलंच पाहिजे असं होतं, 2017 च्या जूनमध्ये ती अट काढली, तेव्हा वकील साहेबांना रात्री साडेदहाला फोन केला. ते म्हणाले झोप, कलम 3(के) जागेवरच आहे. अमेरिकेत एका क्लिकवर खरेदी करायचं पेटंट अमेझॉनला 1999 ला मिळालं होतं आणि 2017 ला संपलं, तेवढी वर्षं बाकीच्या दुकानदारांना ते बटण ठेवताना विचार करावा लागायचा. आपल्याकडे तसं झालं तर महालातल्या खोलीत कोणी कंपनी काढूच शकणार नाही.

2019 ला त्यांना तपासणीचा रिपोर्ट गेला, त्यांनी मुदतीत उत्तर दिलं नाही आणि अर्ज सोडून दिल्याचं पेटंट ऑफिसच्या साईटवर दिसलं. बस. आमच्या विरोधावर सुनावणी नाही, आमचं बरोबर होतं असा एक कागद नाही, माफीचा एक फोन नाही. गेलेल्या बावीसपैकी चार परत आले. सॉफ्टवेअर करणाऱ्या पोरांना म्हणून सांगतो, नोटीस आली की सगळ्यात आधी अर्जाचा नंबर काढा आणि स्टेटस पहा, ते फुकटात दिसतं. कोडच्या प्रत्येक व्हर्जनची तारखेसह कॉपी ठेवा. डेमोला येणाऱ्याचं लेखी घ्या. आणि फोनवर काही कबूल करू नका, चिडून व्हॉट्सॲप तर अजिबात नाही.

या धंद्यात राहून निवडणुकीबद्दल माझी मतं झाली आहेत, तीही लिहितो. लोक मतदानाच्या मशीनवर भांडतात. मशीनवर प्रश्न विचारणं चूक नाही, तिचा सोर्स कोड लोकांसमोर नाही, आणि माझ्या मते असायला पाहिजे. पेटंटवाल्यालासुद्धा वीस वर्षांच्या हक्काच्या बदल्यात आपली पद्धत लिहून जाहीर करावी लागते, मग मत मोजणारी वस्तू झाकलेली कशाला? मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि 2019 पासून दर विधानसभेतल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, म्हणजे नागपूर लोकसभेच्या सहा विधानसभा धरल्या तर तीस केंद्रं. 2024 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी मान्य केली नाही, कोर्टाचा मान ठेवून मी म्हणतो की जास्त मोजायला हरकत नव्हती. महापालिकेच्या मशीनला तर 2017 ला व्हीव्हीपॅटच नव्हतं. पण जे हातात आहे ते तरी करा ना. फॉर्म 17सी वर केंद्रात किती मतं पडली ते लिहितात आणि पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, त्याची कॉपी मिळते, किती एजंट ती न घेताच जेवायला जातात! सकाळच्या मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधी मशीन तपासताना, किमान पन्नास मतं टाकून दाखवतात, तेव्हा एजंट झोपेत.

आणि यादी. मशीनपर्यंत पोचायच्या आधीच माणूस यादीतून गळतो, भांडण तिथं पाहिजे. गुरुजींच्या मिसेस वारल्या, त्यांनी स्वतः नाव कमी करायचा फॉर्म 7 भरून दिला, तरी पुढच्या दोन्ही याद्यांत नाव होतंच. यादी त्यांनीच तपासली, पट्टी त्या ओळीवर आली, थांबली, लाल गोल केला आणि खाली सरकवली. मी समोर बसलो होतो, मला काही बोलता आलं नाही. उलट जिवंत माणसाचं नाव कापलेलं असते आणि तो एप्रिलच्या उन्हात केंद्रावर जाऊन परत येतो. 2018 पासून यादी टेक्स्ट नाही, पानाचाच फोटो असलेल्या पीडीएफमध्ये देतात. कारण सांगतात डेटाच्या सुरक्षेचं, ते मला काही अंशी पटतं, पण मोठ्या पक्षाकडे ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून टेक्स्ट, करून घ्यायला पैसा आहे, अपक्षाकडे नाही, हा फरक कोण भरून काढणार? आमच्याकडे अपक्षाला निम्मा रेट आहे, तेवढंच आमच्या हातात.

अजून एक. आडनावावरून जातीचा कॉलम करून द्या म्हणणारे दर निवडणुकीत येतात. 2012 ला आडनावाप्रमाणे यादी मी काढून दिली होती, चूक केली. एका मोहल्ल्यात त्या यादीप्रमाणे चिठ्ठ्याच वाटल्या नाहीत, हे लोक आपले नाहीत म्हणून. गुरुजींना कळलं तेव्हा ते दोन महिने दुकानात आले नाहीत. तेव्हापासून तो रिपोर्ट काढून टाकला. समोरची कंपनी देते आणि आमचे ग्राहक तिकडे जातात, जाऊ द्या. चिठ्ठीवर नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्र, पांढरा कागद, एवढंच छापतो, नियमही तोच आहे.

2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न होता साडेतीन वर्षांच्या वर प्रशासक होते, त्या काळात आमच्या निवडणुकीच्या विभागाचं उत्पन्न जवळजवळ शून्य, पतसंस्थांनी तारलं. बांगड्या मात्र सोडवल्या, 2021 लाच. आता ओसीआरचं नवीन व्हर्जन चालू आहे, 'श्रा' आणि 'श्रृ' मध्ये अजून गडबड करून राहिलं, त्याच्यावर काम सुरू आहे. गुरुजींना आता बारीक अक्षर दिसत नाही, नात वाचते आणि ते ऐकतात, पट्टी तीच. परवा फोन आला, "बाबू, एकशे बारा भागात एकाच घर नंबरवर त्रेचाळीस नावं हाय, हे पाहून घे." उद्या सकाळी दोघं तिथं जाऊन येतो.