तीन पायांचा विली आणि आमची विल्को

आम्ही राउंड रॉकला राहतो, टेक्सासमधे. दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं त्याच्यावर विल्यमसन काउंटी असं लिहिलेलं असतं, ते बघून पोटात गोळा येतो आणि बिल भरलं की विषय संपला. हा विल्यमसन कोण वगैरे मी कधी बघितलंच नव्हतं. इथे सगळे विल्कोच म्हणतात.

या वेळी अप्पा आले होते लातूरहून. जॉर्जटाऊनला कोर्टहाउस बघायला नेलं, १९११ सालचं आहे, छान डागडुजी केलीये. तिकडेच काउंटीच्या स्थापनेचा मार्कर बघितला. टेक्सास मेक्सिकोपासून सुटल्याला १९३६ मधे १०० वर्षं झाली तेव्हा राज्यभर असे ग्रॅनाइटचे दगड बसवले होते, त्यातलाच हा. स्थापना १३ मार्च १८४८, कुणाच्या सन्मानार्थ नाव दिलं, मुख्यालय जॉर्जटाऊन, बास. मी पुढे निघालो तर अप्पा तिथेच उभे. म्हणाले, "अरे पण कुठल्या जिल्ह्यातनं फोडला ते सांग की."

अप्पा तहसील कचेरीतनं रिटायर झालेत. १९८२ ला उस्मानाबाद फोडून लातूर केलं तेव्हा ते नवीनच क्लार्क होते, छापील कागदांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूरचा शिक्का मारत बसायचो असं आजही सांगतात. त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच होता, मग तिथेच बाकावर बसून फोनवर शोधलं.

तर मिलाम काउंटीतनं फोडली. इथल्या लोकांनी अर्ज केला होता की मिलामचं मुख्यालय लांब पडतं, आम्हाला वेगळी काउंटी द्या. (अप्पा: "तेच कारण! सगळीकडे तेच!") त्यांना नाव हवं होतं नदीचं, सॅन गॅब्रिएल. पण विधिमंडळाने ठेवलं रॉबर्ट मॅकअल्पिन विल्यमसनचं, आणि तो तेव्हा चांगला जिवंत होता, १८५९ ला गेला. लहानपणी आजारात त्याचा एक पाय गुडघ्यात मागे वळला तो वळलाच, मग गुडघ्याखाली लाकडी पाय लावला आणि खरा पाय मागे तसाच, म्हणून थ्री लेगड विली. तसाच घोड्यावर बसून १८३६ ला सॅन जसिंटोच्या लढाईत होता, नंतर जज्ज झाला. त्याची एक दंतकथा पण आहे, कोर्टात एकाने टेबलावर सुरा ठेवला, म्हणे हाच इथला कायदा, तर याने पिस्तूल काढलं आणि म्हणाला ही राज्यघटना, ती कायद्याच्या वर असते. खरं खोटं विली जाणे.

पण मला आवडली ती जॉर्जटाऊनची गोष्ट. मुख्यालयाची जागा ठरवायला मंडळी एका ओकच्या झाडाखाली बसली होती आणि जॉर्ज वॉशिंग्टन ग्लासकॉक नावाचा जमीनवाला तिथे आला, तर त्याच्याच एका नातेवाइकाने सुचवलं की तू जमीन दे, आम्ही गावाला तुझं नाव देतो. त्याने आणि पार्टनरने मिळून १७२ एकर दिले आणि झालं जॉर्जटाऊन. म्हणजे सन्मानार्थ बिन्मानार्थ काही नाही, सरळ सौदा! मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं, आपल्याकडे नावावरून जे चालतं त्यापेक्षा. आणि त्याच्या आधी या नद्यांकाठी टोंकावा लोक राहत होते, नाव द्यायच्या वेळी त्यांना कोण विचारणार.

अप्पांनी मार्करचा फोटो काढून त्यांच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटात एकाचा प्रश्न, तिथे कलेक्टर कोण आहे? मी सांगितलं, कलेक्टर नसतो, काउंटी जज्ज असतो, तो निवडून येतो, चार कमिशनर पण निवडून येतात, आणि जज्ज म्हटलं तरी वकील असायलाच पाहिजे असं काही नाही. अप्पांनी हे सगळं टाइप केलं, मग पुसलं, आणि नुसतं लिहिलं, "कलेक्टरचं पद रिक्त आहे."