एकशेवीस ग्रॅम डाळ

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळी थंडी होती. नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे, त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, म्हणून मेट्रोने गेलो. पोरं वाट पाहत होती.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत जिथे ठेवतात, अशा एका निरीक्षणगृहात मी गणित शिकवतो; त्याचं नाव इथे लिहीत नाही. गावात अजूनही सगळे रिमांड होमच म्हणतात. आज गुणाकार घ्यायचा होता. पुस्तकातली उदाहरणं ठेवून दिली आणि फळ्यावर त्यांचंच जेवण लिहिलं. बाल न्यायाच्या २०१६च्या आदर्श नियमांत एका मुलाला दिवसाला १२० ग्रॅम डाळ सांगितली आहे. पन्नास मुलांना किती? सहा किलो. हे सगळ्यांना जमलं. मग मागच्या रांगेतला एक जण, कळमन्याच्या बाजारात हमाली केलेला, म्हणाला, "सर, किलोले सव्वाशे धरा. एकाचे पंधरा रुपये झाले." तोंडी हिशोब, खडू न घेता.

मी पुढचं लिहिलं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत संस्थेतल्या एका मुलाच्या देखभालीला महिन्याचे ३,००० रुपये. भागिले तीस. शंभर. त्यानं बराच वेळ फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यातच साबण, कपडेबी?" हो, म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो.

घरी आलो तरी तो शंभराचा आकडा डोक्यातून जात नाही. अख्खी नोकरी लेखा शाखेत गेली, त्यामुळे मला पैसा लेखाशीर्षाप्रमाणेच, म्हणजे कुठल्या खर्चाच्या खात्यात तो मांडला आहे तसाच, दिसतो. बांधकाम एकदाच करायचं असतं. निधी आला, मार्चअखेर खर्ची पडला, फीत कापून झाली. पद भरायचं तर पगार दर महिन्याला, वर्षानुवर्षं. म्हणून सुधारणेच्या नावाने आधी भिंत उंच होते, कॅमेरे लागतात, रंग दिला जातो आणि परिविक्षा अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी राहते. अशा कितीतरी फायलींवर मीही सही केली आहे. तेव्हा त्या खुर्चीचा विचार केला नाही, याचं आज वाईट वाटतं.

त्या खुर्चीवरच तर सगळं अडतं. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा उभं केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो: घर कसं, शाळा का सुटली, बाप काय करतो, सांभाळणारं कोणी आहे का. मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. पण वस्तीत जाऊन आईशी बोलायला माणूसच नसेल तर अहवाल लांबतो, तारीख लांबते, पोरगा आतच राहतो. एक पगार वाचवला आणि कित्येक पोरांचे दिवस वाढवले. त्या दिवसांत शाळेचं वर्षही जातं, ते कुठल्याच लेखाशीर्षात मांडलं जात नाही.

रिकामी पदं भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलं होतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने तर १९८३ मध्ये आपली जुनी मोठी सुधारशाळा बंद केली आणि मुलांना घरापासून जवळच्या लहान लहान गटांत ठेवायला सुरुवात केली. तिथे मुख्य भर मुलांसोबत दिवसभर राहणाऱ्या माणसांवर आहे. आमच्याकडे रात्रपाळीला जो काळजीवाहक असतो, तो एकटाच असतो. आज मी निघताना तो एका तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता, आणि दुसऱ्या खोलीतून कोणीतरी त्याला हाक मारत होतं. त्याची पाळी सुरू व्हायला अजून दोन तास होते.

हिशोब मांडायचाच तर या माणसापासून मांडायला हवा. महिला व बाल विकास खात्याच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहात येतील तेव्हा कोणीतरी उठून रिक्त पदांचा आकडा विचारावा, असं मनापासून वाटतं. आमच्या भागातल्या आमदारांना रात्री पत्र लिहायला घेतलं आहे. दीड पान झालं.

कळमन्याच्या पोराची मंगळवारी मंडळासमोर तारीख आहे. त्याची आई बुटीबोरीकडे कामाला जाते, दिवसभर घरी सापडत नाही, असं तोच सांगत होता. पुढच्या शनिवारी तो वर्गात असेल की नसेल. घरातला छोटा तराजू मात्र पिशवीत घालून ठेवला आहे. एकशेवीस ग्रॅम डाळ ओंजळीत केवढी येते, ते पोरांना पाहायचं आहे.