पुण्याहून ताडोबा, स्वतःच्या गाडीने: आधी गेट, मग रस्ता

ताडोबाची सहल ठरवताना मी सुरुवात उलट्या टोकाने केली. आधी सफारीचं गेट, मग मुक्काम, मग प्रवासाचे दिवस आणि सगळ्यात शेवटी रस्ता. बरेच जण आधी सुट्टी काढतात, हॉटेल ठरवतात आणि मग सफारी शोधायला बसतात. तोवर जवळच्या गेटची परमिटं संपलेली असतात आणि उरलेलं गेट दुसऱ्याच टोकाला निघतं.

हे नीट कळायला नकाशा समोर घ्यावा. गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या कोअर भागात, जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा गेट आहेत. मोहर्लीला चंद्रपूर किंवा भद्रावतीकडून जातात, तर कोलारा-नवेगावला चिमूरकडून. नकाशावर ही गेट शेजारीशेजारी वाटतात, पण खासगी गाडी जंगलातून आरपार जात नाही. मोहर्लीहून कोलाऱ्याला बाहेरून वरोरा-चिमूर असा वळसा पडतो आणि त्याला अडीच तास तरी धरावे लागतात. पहाटेच्या सफारीला अर्धा तास आधी गेटवर हजर राहायचं असतं. मुक्काम मोहर्लीला आणि परमिट कोलाऱ्याचं असेल, तर रात्री अडीच-तीन वाजता उठून जंगलालगतच्या रस्त्याने गाडी चालवावी लागते. तो धोका कशासाठी पत्करायचा? म्हणून सगळ्या सफारी एकाच बाजूच्या घेतल्या आणि मुक्काम त्याच गेटपासून अर्ध्या तासाच्या आत ठेवला.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवल्या. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतं आणि एरवी दर मंगळवारी बंद असतं. त्यामुळे मंगळवार सरळ प्रवासाला दिला. मंगळवारी पहाटे पुण्याहून निघायचं, बुधवारी सकाळी विश्रांती आणि दुपारी पहिली सफारी. गुरुवारी सकाळ आणि दुपार अशा दोन, शुक्रवारी सकाळची शेवटची. साडेसातशे-पावणेआठशे किलोमीटर गाडी हाकून दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठणं कागदावर जमतं, पण चालवणारा माणूस उघड्या जिप्सीत डुलक्या घेतो. पहिली सफारी दुपारचीच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

परमिट काढताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. नोंदवलेलं तेच ओळखपत्र गेटवर मूळ स्वरूपात दाखवायचं असतं. आधार नोंदवून वाहन परवाना पुढे केला, तर वाद होतो. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाइड. सातवा माणूस असेल तर दुसरी जिप्सी आलीच. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, म्हणून परमिट छापून दोन प्रती घेतल्या, एक पाकिटात आणि एक कॅमेऱ्याच्या बॅगेत. फोनमध्ये पीडीएफ आहे म्हणून निर्धास्त राहणारे नेमके इथे अडतात.

आता रस्ता. पुणे, शिरूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्ग. वाघोली ते शिक्रापूर हा पट्टा पहिली परीक्षा. तिथून पहाटे पाचच्या आत बाहेर पडलं, तर पुढे रांजणगाव-शिरूर सुरळीत जातं. सातनंतर निघाल्यास पहिल्या चाळीस किलोमीटरमध्येच दीड-दोन तास जाऊ शकतात, आणि गेलेला तो वेळ संध्याकाळी जंगलाजवळच्या अंधारात मोजावा लागतो. आम्ही चारला निघालो. संभाजीनगर सुमारे २३५ किलोमीटर. वाळूजच्या पुढे शहरात न शिरता माळीवाडा इंटरचेंज, म्हणजे समृद्धीवर चढायची जागा, गाठायचा. फोनवर थेट ताडोबा टाकण्याऐवजी हा इंटरचेंज मधला थांबा म्हणून टाकला, तर शहराच्या गर्दीतून जायची वेळ येत नाही.

टाकी समृद्धीवर चढण्याआधी पूर्ण भरली. महामार्गावर पंप आहेत, पण ते लांब लांब आहेत आणि आपल्याला हवे तिथे असतीलच असं नाही. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचा मिळून अंदाज काढून त्याहून जास्त शिल्लक ठेवली. समृद्धीवर चढताना नोंद होते आणि उतरताना अंतरानुसार पैसे कापले जातात, त्यामुळे शिल्लक कमी असल्याचं थेट उतरताना कळतं, तेही मागे रांग लागलेली असताना.

टायर. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसत असली तरी जुनं रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. नखाने दाबून, टॉर्च मारून त्या पाहिल्या. एक टायर बाजूने किंचित फुगलेला होता, तो बदलून टाकला. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेले असतात, पंक्चरवाला त्यात काहीही दुरुस्त करू शकत नाही.

मग हवा. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा आकडा दिलेला असतो. पाच माणसं आणि बॅगा असताना दुसरा आकडा पाळायचा. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरून निघताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर भरायची. गाडी पळाल्यावर दाब ३ ते ५ पीएसआयने वाढतो, तो वाढणारच. वाढला म्हणून वाटेत हवा काढणं ही मोठी चूक. कंपनीने तो हिशोब धरलेला असतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दुमडते, त्या हालचालीने रबर आतून तापतं आणि तासन्‌तास न थांबता पळालं की थर सुटतात. खाली उन्हात तापलेलं काँक्रीट असतं, ते वेगळंच. नायट्रोजन भरला म्हणून कमी दाब चालतो असं नाही. स्टेपनीतली हवाही तपासा. अनेक गाड्यांची स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते.

समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आम्ही १०० धरला. माळीवाड्यापासून वर्ध्याजवळच्या येळाकेळी इंटरचेंजपर्यंत अंदाजे ३८० किलोमीटर होतात. १०० ने तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, १२० ने तीन तास दहा. अडतीस मिनिटांसाठी टायर, इंजिन आणि स्वतःला एवढं ताणायचं कारण नाही. या रस्त्याचा खरा शत्रू एकसुरीपणा आहे. वळण नाही, सिग्नल नाही, चौक नाही. डोळे उघडे राहतात पण लक्ष उडतं. दर दीड तासाला चालक बदलला, झोप आलेली नसतानाही. कडेच्या पट्टीवर जेवायला किंवा फोटो काढायला थांबू नये, मागून येणाऱ्याला उभी गाडी पळतीच वाटते. बिघाडच झाला तर माणसं रेलिंगपलीकडे न्यावीत आणि मदत मागताना नागपूर कॉरिडॉर की मुंबई कॉरिडॉर, म्हणजे गाडी कोणत्या दिशेच्या बाजूला आहे, ते सांगून जवळच्या पाटीवरचा चेनेज नंबर, म्हणजे किलोमीटरचा आकडा, द्यावा. नुसतं "मेहकरच्या पुढे" सांगून गाडी सापडत नाही.

कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आणि काटेपूर्णा अभयारण्य या दोन्ही भागांतून हा महामार्ग जातो. वन्यप्राण्यांसाठी बांधलेले रुंद, माती टाकलेले पूल डोक्यावरून जाताना दिसतात. ताडोबाची वाट इथूनच सुरू झाली असं मला वाटतं.

येळाकेळीला उतरून वर्धा, हिंगणघाट, वरोरा, भद्रावती. चिमूरकडे जाणाऱ्यांनी वरोऱ्याहूनच वळायचं. इथून वेग निम्म्यावर येतो. ऊस-कापसाचे ट्रॅक्टर, कोळशाचे ट्रक, गुरं. शेवटच्या दीडशे किलोमीटरला जेवण धरून चार तास ठेवले. एक नियम निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवला होता: संध्याकाळी पाचच्या आत वरोरा ओलांडलं नाही, तर त्या रात्री मुक्काम चंद्रपुरात. थंडीत अंधार लवकर पडतो आणि जंगलालगतच्या रस्त्यावर रानडुक्कर, नीलगाय हेडलाइटसमोर येऊन थबकतात. शेवटचं इंधन, रोख पैसे आणि औषधं वरोरा, चंद्रपूर किंवा चिमूरला घ्या. गेटपाशी नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून ऑफलाइन नकाशा पुण्यातच उतरवून घ्यावा.

सामानाबद्दल थोडं. थंडीत पहाटेच्या जिप्सीत कानटोपी, हातमोजे आणि जाड जॅकेट लागतंच, नऊनंतर ते काढून ठेवायला एक रिकामी पिशवी. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस आणि धुळीसाठी सुती रुमाल. पाणवठ्यांवर वाघ दिसायची शक्यता मात्र त्याच दिवसांत जास्त. कॅमेऱ्याची लेन्स धुळीत बदलू नका, जी लागेल ती खोलीवरच लावून निघा.

परतीचा प्रवास एका दमात केला नाही. शुक्रवारची सफारी आटोपून, जेवून निघालं की अंधार पडायच्या आत वर्धा-सेवाग्राम गाठता येतं. मुक्काम तिथे. शनिवारी सकाळी टायर थंड असताना पुन्हा हवा तपासली, मागच्या डाव्या टायरमध्ये ४ पीएसआय कमी भरले. पाण्याचे थेंब टाकून पाहिलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडे. आतली पिन पाच मिनिटांत बदलून मिळाली आणि मगच गाडी समृद्धीवर घातली.