उणे त्रेचाळीस मीटर

आमचं घर समुद्रसपाटीच्या ४३ मीटर खाली आहे, असा कागद गेल्या वर्षी मी स्वतःच्या सहीने दाखल केला. चष्मा लावून, नीट वाचून सही केली होती.

घर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराच्या पायथ्याशी. वडिलांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. मुलाचं लग्न ठरलं तसं वर एक मजला चढवायचा आणि त्यावर पाण्याची टाकी बसवायची असं ठरलं. आराखडा झाला, इंजिनियरच्या सह्या झाल्या. फाइल एका कचेरीत पोचली, तिथल्या माणसाने दोन पानं उलटली आणि विचारलं, "विमानतळाची एनओसी?"

मोपाहून प्रवासी विमानं सुरू झाली ५ जानेवारी २०२३ ला. तोवर आमच्या वाड्यावर कुणाला असला कागद लागला नव्हता. मी म्हटलं, "अहो, विमानतळ पठारावर, आम्ही खाली दरीत. आमच्या छपराला विमान लागायचं तर आधी त्याला डोंगरात शिरावं लागेल." त्यावर उत्तर आलं, "वीस किलोमीटरच्या आत आहात ना?"

नियम आहे, ते खरं. विमानतळाभोवतीच्या बांधकामांच्या उंचीबद्दल केंद्र सरकारचे २०१५ चे नियम आहेत आणि विमानतळाच्या आजूबाजूचा प्रदेश रंगीत चौकोनांत विभागलेला नकाशाही असतो. प्रत्येक चौकोनात अमुक उंचीपर्यंत स्थानिक संस्थेनेच परवानगी द्यायची, वेगळी एनओसी मागायची नाही. हे मला नंतर कळलं. कळल्यावर नकाशा छापून घेऊन गेलो. "नकाशा ठेवा तुमच्याकडे, मला कागद आणा," एवढंच ऐकायला मिळालं.

तर कागद. विमानतळ प्राधिकरणाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे अर्ज भरायचा. फॉर्म तसा सरळ आहे. जागेचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत. इमारतीची जमिनीपासूनची उंची, ज्यात टाकी, कठडा, वीजरोधक सळई, अँटेना सगळं आलं. आमची झाली साडेअकरा मीटर. आणि तिसरा रकाना, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची.

ही मला कुठली माहीत असायला? रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते तेवढाच तिचा आणि माझा संबंध. ओळखीने एक मोजणीवाला मिळाला. डीजीपीएसचं, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र अंगणात तिवईवर उभं केलं, अर्धा-पाऊण तास ठेवलं, चहा घेतला, गेला. दोन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. त्यात साइट एलिव्हेशन उणे ४३.० मीटर.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली. आकड्यापुढची वजाबाकीची खूण मला दिसली नाही असं नाही. फोन करून विचारलं. म्हणाला, "काका, सॅटेलाइटचा आकडा आहे, सेंटिमीटरमध्ये करेक्ट." सॅटेलाइट म्हटल्यावर पुढे काय बोलणार? जसाच्या तसा फॉर्मात उतरवला. काही आठवड्यांनी अर्ज परत आला, जागेची उंची तपासून द्या म्हणून. त्यांची काही चूक नव्हती.

एवढ्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. माझी पुतणी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे, परराज्यातल्या एका विमानतळावर. चवथीला घरी येते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट, बांधून झाल्यावर मी तिला कागद दाखवला. ती हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "काका, आकडा बरोबर आहे. कुठून मोजलाय ते चुकलंय."

मग तिने माटोळीतल्या तोरिंजनाकडे, त्या भल्यामोठ्या लिंबासारख्या फळाकडे, बोट केलं. "हे जमिनीपासून साडेसहा फूट, वाशापासून दीड फूट, पाटावरच्या गणपतीच्या मुकुटापासून दोन फूट. तोरिंजन तेच. आमच्या धंद्यात उंची म्हणून नुसता आकडा कुणी सांगत नाही. सांगितला तर पहिला प्रश्न, कुठून?"

उपग्रहाला समुद्र ठाऊक नसतो. जीपीएस उंची काढतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती, जराशा चपट्या गोळ्यापासून. त्याचं नाव डब्ल्यूजीएस-८४. खरा समुद्र असा गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्यामुळे गुरुत्वाकर्षण कुठे कमी, कुठे जास्त, आणि पाणी त्याप्रमाणे उंच-सखल होऊन बसतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी त्या गणिती गोळ्याच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगात सगळ्यांत खोल. आपला गोवा त्या खळग्याच्या उतारावर, इथे फरक पंच्याहत्तर-ऐंशी मीटरचा. म्हणजे हरमलला वाळूत पाय भिजवत उभे राहिलात तरी ते यंत्र उणे पंच्याहत्तरच्या आसपास दाखवणार. मोजणीवाल्याने हा फरक मिळवायचा असतो. आमच्याने मिळवला नाही.

"मग विमानं जीपीएसची उंची घेतात की समुद्राची?" मी विचारलं. मला वाटलं दोनातलं एक उत्तर येईल.

"हवेची," ती म्हणाली.

विमानाचं उंची दाखवणारं यंत्र, अल्टिमीटर, म्हणजे मुळात वायुभारमापक. वर जाल तशी हवा विरळ, दाब कमी, त्यावरून उंची. पण जमिनीवरचा दाब रोज बदलतो, पावसाळ्यात उतरतो, हिवाळ्यात चढतो. म्हणून उतरताना कंट्रोलर वैमानिकाला त्या वेळचा, समुद्रसपाटीला आणून बसवलेला दाब सांगतो. त्याला क्यूएनएच म्हणतात. "वन झिरो झिरो एट," एकेक आकडा सुटा. वैमानिक बटण फिरवून तो यंत्रात लावतो आणि तोंडाने परत म्हणून दाखवतो. दाब मोजतात हेक्टोपास्कलमध्ये, आणि एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण अठ्ठावीस फूट.

वर, समुद्रावरून मुंबई-कोची करणाऱ्या विमानांचं वेगळंच. ती स्थानिक दाब लावतच नाहीत. ठराविक उंचीच्या वर गेलं की सगळ्यांनी १०१३.२५ लावायचा, खाली खरा दाब काहीही असो. म्हणजे आपल्या डोक्यावरून पस्तीस हजार फुटांवरून जाणारं विमान खरं पाहता पस्तीस हजारांवर नसतंच. मला हे विचित्र वाटलं. ती म्हणाली, सगळे सारखेच चुकले की एकमेकांतलं अंतर बरोबर राहतं. दोन विमानं एकावर एक जाताना एक हजार फूट अंतर लागतं. २९ हजारांच्या वर पूर्वी दोन हजार ठेवत, भारतात नोव्हेंबर २००३ पासून तिथेही एक हजार झालं. आणि कंट्रोलरच्या पडद्यावर विमानाशेजारी जो उंचीचा आकडा दिसतो तो रडारने मोजलेला नसतो. रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, "उंची किती?" आणि विमानातलं ट्रान्सपॉन्डर १०९० वर आपल्या दाबाच्या यंत्राचा आकडा सांगतं. मी आजवर समजत होतो की रडार सगळं आपल्या डोळ्यांनी बघतं. ते तर माझ्यासारखंच, विचारून लिहून घेणारं निघालं.

मग तिने पॅरिसची गोष्ट सांगितली, ती मी इथे देतोच. २३ मे २०२२, शार्ल द गोल विमानतळ, पाऊस आणि ढग. धावपट्टीची आयएलएस यंत्रणा त्या दिवशी बंद होती. आयएलएस म्हणजे धावपट्टीजवळच्या अँटेनातून साधारण तीन अंशांच्या चढाने निघणारी रेडिओची अदृश्य घसरगुंडी. वरच्या बाजूला ९० हर्ट्झचा सूर जास्त, खालच्या बाजूला १५० चा, दोन्ही सारखे लागले की विमान बरोबर वाटेवर. तिला हवेच्या दाबाशी घेणंदेणं नाही. ती बंद असल्यामुळे एक एअरबस ए-३२० उपग्रहाच्या वाटेने, पण उंची दाबाच्या यंत्रावरून धरून उतरत होती. दाब होता १००१. कंट्रोलरच्या तोंडून गेला १०११. वैमानिकांनी बिनचूक १०११ परत म्हटला आणि लावला. यंत्र आता सुमारे २८० फूट जास्त दाखवत होतं. किमान उंचीला आलो तरी धावपट्टी दिसत नाही म्हणून त्यांनी विमान वर उचललं. तेव्हा ते जमिनीपासून सहा फुटांवर होतं, धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे.

सहा फूट. आमच्या माटोळीपेक्षा खाली.

"परत म्हणून दाखवण्याने ऐकण्यातली चूक पकडता येते," पुतणी म्हणाली. "सांगणाराच चुकला तर नाही. दोघेही खूश, आकडा जुळला."

मी माझ्या अर्जाकडे बघितलं. मीही दिलेला आकडा बिनचूक परत लिहिला होता.

चवथीनंतर दुसरा मोजणीवाला गाठला, निवृत्त, सत्तरीचा, ऑटो लेव्हलवाला, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्राने पातळी मोजणारा. त्याने अंगणात यायच्या आधी विचारलं, "जवळचा बेंचमार्क कुठला?" बेंचमार्क म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेली खूण. तो निघाला अडीच किलोमीटरवर, एका जुन्या मोरीच्या कठड्यावर कोरलेला, शेवाळ खरवडून काढावं लागलं. तिथून घरापर्यंत मजल-दरमजल. स्टाफ, म्हणजे उभी मोजपट्टी, धरायला माझा मुलगा. पन्नासेक पावलांवर लाल-पांढरी पट्टी उभी करायची, यंत्रातून बघायचं, मागचं वाचन, पुढचं वाचन, वहीत दोन ओळी, यंत्र उचला, पुढे. काजूच्या बागेतून रस्ता वळतो तिथे फांद्या आड येऊन तासभर गेला. म्हातारा पेन्सिलने लिहायचा आणि प्रत्येक आकडा मुलाकडून मोठ्याने म्हणून घ्यायचा.

साडेतीनला अंगणात पोचलो. मला वाटलं झालं. त्याने पाणी प्यायलं आणि यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं. "आता परत."

"परत कशाला? उंची मिळाली ना?"

"मिळाली की नाही ते बेंचमार्कवर गेल्यावर कळेल."

काळोख पडायच्या आत मोरीवर परत आलो. जिथून निघालो त्याच दगडाची उंची आता येतानाच्या वाचनांवरून काढली. फरक आला चौदा मिलिमीटर. त्याने वही मिटली आणि पहिल्यांदा हसला. पाच किलोमीटरला चौदा चालतात म्हणे. अंगणाची उंची ३४.२ मीटर. उणे ४३ आणि हे, मध्ये ७७.२. पुतणीला मेसेज केला, तिचा अंगठा आला.

अर्ज पुन्हा भरला. यावेळी अडलं नाही. कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं की जागेचे आकडे अर्जदाराने दिले आहेत, ते खोटे निघाले तर परवानगी गेली. तळाशी मुख्य ओळ, इमारतीच्या माथ्याची अनुज्ञेय उंची, समुद्रसपाटीपासून ४५.७ मीटर. ३४.२ अधिक साडेअकरा. वर पठारच दीडशे मीटरच्या आसपास, तेव्हा आमच्या टाकीच्या झाकणावर कुणी उभा राहिला तरी धावपट्टी त्याच्या शंभरेक मीटर वरच असेल. पण कागद तो कागद. लॅमिनेट करावासा वाटला.

फाइल घेऊन त्याच कचेरीत गेलो. टेबलामागे तोच माणूस. त्याने एनओसी चाळली, तळाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि वर बघितलं.

"पंचेचाळीस मीटर? आराखडा एका मजल्याचा आणि पंधरा मजल्यांची परवानगी कशी आणलीत?"

मी त्याला सगळं सांगितलं. समुद्र, मोरी, तोरिंजनसुद्धा. तो शांतपणे ऐकत होता, मधे एकदा मानही हलवली. मग म्हणाला, "हे सगळं लेखी द्या."

लेखी दिलं. त्यात आणखी अकरा दिवस गेले.